कोनाच्या उतारावरचा गडगा

“आज सायब येतले ना? मगे मी पण येतलंय,” असं म्हणून आप्पा माझ्या जुन्या पिकअपमध्ये माझ्याआधीच जाऊन बसले.

पांढरा शर्ट, धुतलेली टोपी, पायांत कणकवलीहून आणलेल्या नव्या चपला. लग्नाला निघाल्याचा थाट होता. मी आदल्या संध्याकाळीच होनोलुलूहून परतले होते. डोक्यात त्या दिवशीच्या पाहणीशिवाय दुसरं काही नव्हतं आणि सोबत वडिलांना न्यायची मला मुळीच हौस नव्हती.

“तुम्ही थयसर येऊन काय करतलात?” मी विचारलं.

“बघतलंय.”

“उनात बसूचा लागतला.”

“मगे? मी काय छत्रीत जन्मलंय?” आप्पा म्हणाले आणि खिडकीची काच खाली करून हसत बाहेर बघायला लागले.

आप्पा सकाळी हसत नसत. दोन चहा पोटात गेल्याशिवाय ते कुणाशी धड बोलतही नसत. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, नारळ सोलताना लागलं. आयुष्यभर नारळ सोललेल्या माणसाला नारळ सोलताना लागतं कसं, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. मी बरं म्हटलं आणि गाडी सुरू केली.

मी तेव्हा हवाई बेटावर, कोना नावाच्या भागात, एका लहानशा संस्थेसाठी नकाशे काढायचं काम करत होते. कोनाच्या डोंगरउतारावर वरपासून खालपर्यंत काळ्या दगडांचे लांबच लांब बांध आहेत. गोऱ्यांची जहाजं तिथे पोचायच्या कितीतरी पिढ्या आधी तिथल्या लोकांनी ज्वालामुखीचे दगड वेचून जमीन मोकळी केली आणि ते दगड उताराच्या दिशेनं रचत नेले. मधल्या पट्ट्यांत रताळी आणि अळू, बांधावर ऊस. तिथल्या भाषेत या बांधाला कुआइवी म्हणतात, म्हणजे पाठीचा कणा. बघणाऱ्याला मात्र तो बांध वाटतच नाही. जेमतेम गुडघ्याएवढा उंच, बैलगाडी जाईल इतका रुंद, कडेला मोठे दगड आणि मध्ये सगळा चुरा. कुणीतरी ढीग ओतून निघून गेलंय असं वाटतं. पण तो मुळात असाच असतो, आणि असाच राहू द्यायचा असतो.

अशाच एका उतारावरून घरं बांधणाऱ्या एका कंपनीला रस्ता काढायचा होता. तो उतार आंटी मोमीच्या पूर्वजांनी कसलेला. हवाईत वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. कागदावर ती जमीन तिच्या घराण्याच्या हातून केव्हाच गेली होती, पण तिचं घर उताराच्या कडेलाच होतं आणि रताळी ती अजून त्याच पट्ट्यांत लावायची. धिप्पाड बाई, तोंडाची फटकळ. आप्पांचं आणि तिचं फार जमायचं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नसे, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी मिस्टर ओकुदा नावाचे सरकारी अधिकारी पाहणीला येणार होते. बांध खरोखर जुने आणि हात न लागलेले आहेत असं त्यांना पटलं, तर रस्ता उतार सोडून खालून जाणार होता. नाही पटलं, तर बुलडोझर येणार होते. आंटी मोमी आणि मी आठवडाभर होनोलुलूत सुनावणीसाठी होतो, आप्पा माझ्या घरी एकटे, उतारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. आई गेल्यावर मी त्यांना काही महिन्यांसाठी आणलं होतं. निघताना मी त्यांना सांगितलं होतं की हे जुने गडगे आहेत, ते जपायचे म्हणून आमचं भांडण चाललंय. एवढंच सांगितलं आणि विमान पकडलं.

गाडी थांबवली तेव्हा आंटी मोमी आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिच्यापुढे एक भिंत होती.

छातीएवढी उंच, अरुंद, ओळंब्यात सरळ. दगडाला दगड असा बसलेला की मधून काडी जाऊ नये. माझ्या नकाशावर सगळ्यात महत्त्वाची म्हणून दाखवलेल्या कुआइवीच्या खालच्या टोकाला, रस्ता जिथून जायचा नेमक्या तिथे, कोकणातला गडगा उभा होता. बांधावरचा ऊस उपटून बाजूला नीट रचून ठेवलेला. मधला चुरा पलीकडे ओतलेला. जुन्या बांधाचा मागमूसही त्या तुकड्यात राहिला नव्हता.

“बघ गो बाय,” आप्पा मागून म्हणाले. “कसो झालो?”

मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

“सगळो नाय झालो. एकटो माणूस, आणि दगड कसो ह्यो, हलको नि धारेचो, हात सोलून काढता. पण सायब येवच्या आधी वायंच तरी बरो दिसाक होयो.”

आमच्या गावात आप्पा गडगे घालायचे. चिखल नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पावसाळ्याच्या तोंडावर ढासळलेला गडगा उभा करणं हे घरधन्याचं पहिलं काम, आणि पडका गडगा तसाच ठेवणाऱ्याकडे वाडीतली माणसं कशी बघायची ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. संस्थेत मात्र मी वडील शेती करतात एवढंच सांगितलं होतं. दगड रचतात, हे सांगायची वेळच आली नव्हती. खरं म्हणजे मी ती येऊ दिली नव्हती.

“आप्पा, ह्या काय केलात तुम्ही?”

“काय म्हंजे? पडलो होतो पुरो. जपूक होये म्हणान तूच नाय सांगलंस? पडको गडगो ठेवन कोण जपता काय?”

मी वेड्यासारखी पुढे झाले आणि वरचे दगड काढून खाली टाकायला लागले. आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांना राग नव्हता आला, ते घाबरले होते. मला काहीतरी झालंय असं त्यांना वाटलं.

“हात लावू नकोस,” आंटी मोमी इंग्रजीत म्हणाली. “अर्धवट पाडलेला दिसला तर अजून वाईट.” मग ती आप्पांकडे वळली. तेवढ्यात खालून दोन गाड्या वर येताना दिसल्या.

मिस्टर ओकुदा साठीकडे झुकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर कंपनीचा तरुण वकील. वकील भिंतीशी वाकला, त्याने बोट फिरवलं.

“यावर शेवाळं नाही,” तो म्हणाला. “दगडांच्या ताज्या कडा दिसतायत. ही याच आठवड्यातली आहे. मिस्टर ओकुदा, एवढी एक नवी असेल तर बाकीचे बांध जुने आहेत हे कुणी सांगायचं? संस्थेनेच ते रचले नसतील कशावरून?”

“संस्था असं काही करत नाही,” मी म्हटलं.

“मग ही कुणी बांधली?”

मी काही बोलायच्या आत आप्पा पुढे आले. त्यांनी दोघांना नमस्कार केला, एक हात भिंतीवर ठेवला आणि दुसऱ्याने स्वतःची छाती थोपटली. हे कळायला कुठलीच भाषा लागत नव्हती.

“हे कोण?” ओकुदांनी विचारलं.

“माझे वडील.”

“इथेच राहतात?” वकिलाने विचारलं.

“भारतातून आलेत.”

“कधी?”

“दोनेक महिने झाले.”

“आणि तिकडे काय करतात?”

या प्रश्नाचं खरं उत्तर कुठे नेणार ते मला दिसत होतं. संस्थेच्या नकाशेवालीचा बाप, धंद्याने भिंती रचणारा, पाहणीच्या तोंडावर भारतातून आणलेला, आणि मुलगी म्हणते की मला काहीच माहीत नव्हतं. मी त्या वकिलाच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. खरं सांगितलं असतं तर ते धादांत खोटं वाटलं असतं. मी आंटी मोमीकडे बघितलं. तिने मान फिरवून त्या उपटलेल्या उसाकडे बघितलं.

“माझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही,” मी इंग्रजीत म्हटलं. “ते काय करतात ते त्यांना कळत नाही.”

आप्पांनी मान वर केली. मी त्यांच्याबद्दल बोलते आहे हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि कौतुक ऐकताना माणूस उभा राहतो तसे ते जरा संकोचून उभे राहिले.

“म्हणजे, विसरतात?” ओकुदांनी हळूच विचारलं.

“हो. गेली काही वर्षं. आई गेल्यापासून जास्तच.”

आई! तिलाही मी यात ओढलं. एकदा तोंड सुटलं की थांबत नाही म्हणतात, त्याचा अनुभव घेत होते.

“मला माफ करा,” वकील म्हणाला, “पण हे मला नोंदवावं लागेल. त्यांना एखाददोन प्रश्न विचारता येतील? साधे. आपण कुठे आहोत हे त्यांना ठाऊक आहे का, एवढं विचारा.”

मी आप्पांकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत उत्सुकता होती.

“आप्पा, सायब इचारतत, गडगो घालूक खय शिकलात?”

“खय म्हंजे? आमच्या वरच्या कोपऱ्यात, बापाशीच्या हाताखाली.” आप्पा हात उंचावून उतार दाखवायला लागले. “असोच चढ होतो तो. कणकवलीच्या त्या अंगाक जेवढे गडगे आसत ते सगळे आमच्या घरान घातलेले. सांग तेंका.”

“ते म्हणतात, हा त्यांच्या गावचा वरचा मळा आहे,” मी म्हटलं. “ते वडिलांच्या हाताखाली काम करतायत. कणकवलीजवळ.”

“कणकवली, कणकवली!” आप्पा आपल्या गावाकडचं नाव ऐकून जोरजोरात मान हलवायला लागले.

वकिलाने वही मिटली. त्याचा चेहरा पडला होता. वाईट माणूस नव्हता तो. ओकुदा पुढे झाले आणि त्यांनी आप्पांचे चिंध्या गुंडाळलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं,” ते मला म्हणाले. “शेवटी शेवटी ते आमच्या अंगणात भाताची रोपं लावायचे. सिमेंटच्या अंगणात. तुम्ही यांना जवळ ठेवलंत, हे मोठं आहे.” मग आप्पांपुढे ते कमरेत खूप खाली वाकले.

“थँक्यू,” आप्पा म्हणाले. त्यांना इंग्रजीतला तेवढा एकच शब्द येत होता.

त्यानंतर सगळे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने आणि हळूहळू बोलायला लागले. वकिलाने पाण्याची बाटली झाकण उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांना दंडाला धरून सावलीत नेऊन बसवलं. आप्पांच्या आयुष्यात एवढी सरबराई कुणी केली नव्हती. ते पाणी घोट घोट पीत ऐटीत बसले. ओकुदा उरलेल्या बांधावरून वरपर्यंत चालत गेले, शेवाळं बघितलं, दगडांखालची माती बघितली. परतल्यावर म्हणाले की खालचा तुकडा एका आजारी माणसाने बिघडवला आहे, बाकी सगळं जसंच्या तसं जुनं आहे. रस्ता खालून जाईल असं ते कळवणार होते.

आम्ही जिंकलो होतो. गाड्या वळणाआड गेल्या.

“माझ्या वाडवडिलांचे दगड आहेत हे,” आंटी मोमी म्हणाली. “खोटं बोलायचंच होतं तर मी बोलले असते. मला वेडी ठरवायचंस.”

“तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता?”

“नसता ठेवला. पण तू आधी माझ्याकडे बघितलंस, आणि मी मान फिरवली. तू काय मागत होतीस ते मला कळलं होतं.”

“काय म्हणता ती?” आप्पांनी सावलीतून विचारलं. “जेवूचा नाय काय आज?”

आंटीने गाडीतून डबे आणले. मासे होते, उकडलेली रताळी होती आणि मोठ्या भांड्यात पोई होती, म्हणजे अळूचे कांदे वाटून केलेली आंबूस, दाट लापशी. आप्पांना ती फार आवडायची. घरच्या अळवाची आठवण येते म्हणायचे. मी ठरवलं की आता सांगून टाकायचं, पहिला घास घ्यायच्या आत. मी म्हटलं, “आप्पा, मी त्या सायबांका…”

आंटी मोमीने माझ्या गुडघ्यावर हात आपटला आणि भांड्याकडे बोट दाखवलं. तिच्या घराचा तो नियम मला माहीत होता. पोईचं भांडं उघडं असलं की जेवणावर कडू बोलायचं नाही. त्यांच्या पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ, त्याच्यासमोर भांडण चालत नाही. मी काय आणि कुणाशी बोलणार होते, हे तिला शब्द न कळताही कळलं होतं. मी गप्प बसले. भांडं रिकामं झालं आणि तिने झाकण लावलं, तेव्हा बोलायला हरकत नव्हती. मी तरीही बोलले नाही. नियमाच्या आड लपायला मिळालं याचा मला आनंदच झाला होता.

“सायबांका काय सांगलंस तू?” आप्पांनी हात धुता धुता विचारलं.

“सांगलंय, गडगो माझ्या वडलांनी घातल्यानी.”

“तरीच!” आप्पा म्हणाले. “तरीच तो वाकान नमस्कार करी होतो.”

त्यांना बांध पुढे न्यायचा होता. मी त्यांना नाही म्हटलं. ज्या माणसाला काही कळत नाही तो एकटा उतारावर दगड रचताना दिसला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून मी त्यांना सांगितलं की इथल्या कायद्याने म्हाताऱ्या माणसाने एकट्याने घराबाहेर पडायचं नसतं. जाताना मी बाहेरून कुलूप लावायला लागले. आप्पांनी एकदाही तक्रार केली नाही. तुझ्या देशाचा तसाच कायदा असेल तर असू दे, म्हणाले. संस्थेतल्या बायका त्यांना भेटायला यायच्या, त्यांचा गाल थोपटायच्या, त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तकं आणायच्या. आप्पा ती पुस्तकं आदराने बघून माझ्या टेबलावर ठेवायचे. “हयची माणसा मायाळू आसत हां,” ते म्हणायचे. मी त्यांचं तिकीट बदलून अलीकडचं घेतलं.

विमानतळावर आंटी मोमी आली होती. तिने त्यांच्या गळ्यात फुलांची माळ घातली आणि त्यांचं कपाळ आपल्या कपाळाला लावून बराच वेळ तशीच उभी राहिली. माझ्याशी ती त्या प्रसंगाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. आप्पांचा गडगा तिने पाडला नाही, कुणाला पाडूही दिला नाही.

पुढे काही वर्षांनी आप्पा वारले, तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नाही. दिवसकार्याला पोचले. भेटायला येणाऱ्यांची रीघ संपल्यावर दुपारी भिकाजीकाका एकटेच पडवीत बसून राहिले. जन्मभर त्यांनी आप्पांबरोबर गडगे घातले. आप्पा दगड बसवायचे आणि काका मधल्या फटींत बारीक दगड ठासायचे.

“तुझा बापूस अमेरिकेतना इल्यापास्ना एकच गजाल सांगी,” काका म्हणाले. “खयव गडगो घालूक गेलो की झाली सुरू. माझ्या गडग्याक बघूक सरकारी सायब इले. चेडवान सगळ्यांसमोर इंग्रजीत माझा नाव घेतल्यान, सांगल्यान, ह्यो माझ्या बापाशीन घातल्यान. सायब वाकान पाया पडलो. खरा काय गो ता?”

“खरा, काका.”

“आमी तेका इचारू, काय म्हणाला रे चेडू, ता तरी सांग. तेका काय ता सांगूक येय नाय. म्हणा, इंग्रजीत होता, पण आयकाक लय बरा वाटला.” काका माझ्याकडे सरकले. त्यांना डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं. “तू काय म्हटलंस ता माका एकदा आयकव. तसाच म्हण, सायबासमोर म्हटलंस तसा.”

पडवीत दुसरं कुणी नव्हतं. मी काहीही म्हणू शकले असते, काकांना काय कळणार होतं. पण तसाच म्हण म्हणाले होते, आणि मीही ते वाक्य त्या दिवसानंतर एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मी पाठ ताठ केली आणि इंग्रजीत म्हटलं, माझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही, ते काय करतात ते त्यांना कळत नाही.

काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“लय बरा म्हटलंस गो,” ते म्हणाले. “परत एकदा म्हण.”

मी परत एकदा म्हटलं.